अंगोला की रेजिओनाल? आधी बेरिंबाऊ मोजा

प्रश्न : मी ३८ वर्षांची, ठाण्यात राहते. नोकरी बैठी. जिना उतरताना डावा गुडघा कुरकुरतो. डॉक्टर म्हणाले, झीज नाही, मांडीचे स्नायू कमजोर आहेत, व्यायाम करा. मला आणि माझ्या १२ वर्षांच्या मुलाला कापोएरा, म्हणजे वाद्यांच्या तालावर खेळायची ब्राझीलची झुंजकला, शिकायची आहे. दोन वर्ग पाहिले. एकात पिवळे टी-शर्ट, काळ्या पँट, पायांत बूट, सगळं सावकाश आणि जमिनीलगत. दुसऱ्यात पांढऱ्या पँट, कमरेला रंगीत दोर, वेगवान लाथा आणि कोलांट्या. पहिले म्हणतात, 'आमची अंगोला हीच मूळ, बाकीच्यांनी बाहेरचं काहीबाही मिसळून वाट लावली.' दुसरे म्हणतात, 'आमची रेजिओनाल, अंगोला म्हाताऱ्यांसाठी.' खरी कोणती? मी कुठे जाऊ? आणि दोन्हीकडे वाद्यं वाजवायला, गायला लावतात, ते टाळता येईल का?

उत्तर : ताई, 'खरी कोणती' हा तुमच्या पत्रातला सगळ्यात कमी कामाचा प्रश्न आहे. पण तो मनात राहिला तर वर्गात टोचत राहील, म्हणून आधी तोच उरकू.

दोन्ही शैलींना आजचं रूप मिळालं ते ब्राझीलमधल्या बाइया राज्याच्या साल्वादोर शहरात, आणि तेही नऊ-दहा वर्षांच्या अंतरानं. त्याआधी कापोएरा होतीच. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी आणि त्यांच्या वंशजांनी ती बंदरात, बाजारात, सणावारी चौकात जिवंत ठेवली होती. १८९० च्या दंडसंहितेनं रस्त्यावर कापोएरा करणं हाच गुन्हा ठरवला, शिक्षा २ ते ६ महिने कैद. तेव्हा ना वर्ग होते, ना गणवेश, ना ठरलेला अभ्यासक्रम. जो तो बघून आणि मार खाऊन शिके.

हे पहिल्यांदा बदललं मेस्त्रे (म्हणजे गुरू) बिंबानं, म्हणजे मानुएल दोस रेइस माशादोनं. तो जुनी कापोएराच शिकला आणि काही वर्षं तीच शिकवत होता. पण ती नुसती करमणूक होत चालली आहे, लढतीला उपयोगी राहिलेली नाही, असं त्याचं मत झालं. त्याचे वडील बातुके या पायांच्या कुस्तीत नावाजलेले. समोरच्याला पायानं उखडून पाडायचं हा बातुकेचा गाभा, आणि तो बिंबानं आपल्या पद्धतीत घेतला. म्हणजे मिसळ झाली हे खरं, पण तिच्यातला मोठा वाटा बाइयाच्याच मातीतला. १९३२ मध्ये त्यानं शाळा काढली, १९३७ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. बंदी असल्यामुळे नावात 'कापोएरा' घातलंच नाही. नाव ठेवलं 'बाइयाची प्रादेशिक झुंज', लुता रेजिओनाल बाइयाना. विद्यार्थ्यानं नोकरी तरी करायची किंवा शिक्षण तरी घ्यायचं, ही त्याची अट होती. वैद्यकीय महाविद्यालयातली मुलं त्याच्याकडे येऊ लागली, तशी कापोएराची समाजातली जागा बदलली. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेतुलिओ व्हार्गास यांच्यापुढे त्यानं प्रात्यक्षिक केलं.

दुसरा माणूस मेस्त्रे पास्तिन्या, विसेंते फेरेरा पास्तिन्या, जन्म १८८९. लहानपणी बेनेदितो नावाच्या आफ्रिकन माणसाकडे शिकला. १९४१ मध्ये साल्वादोरमधल्या जुन्या जाणकारांनी आपला रोडा, म्हणजे खेळाचं वर्तुळ, त्याच्या हाती सोपवला आणि त्यातून त्याचं अंगोला कापोएरा केंद्र उभं राहिलं. पुढे पेलोरिन्यो चौकात त्याची शाळा नावारूपाला आली. पिवळा-काळा गणवेश त्यानं आणला तो त्याच्या आवडत्या इपिरांगा फुटबॉल क्लबच्या रंगांवरून. रोडात कुणी काय काम बघायचं, कुठले वार चालणार नाहीत, हे त्यानं बसवलं. तुम्ही पाहिलेला 'मूळ' वर्ग ज्या शिस्तीत चालतो, तिचा बराचसा भाग असा विसाव्या शतकात घडलेला आहे. बिंबानं कापोएरा लढतीकडे नेली. पास्तिन्यानं तिच्यातलं फसवणं, थांबवणं, विधी आणि गाणं सांभाळलं. सुधारक दोघंही. एक मूळ आणि दुसरी बाटलेली ही मांडणी आम्हाला पटत नाही, आणि ती करणाऱ्या शिक्षकाकडे इतिहास विचारू नये. हालचाल शिकायला हरकत नाही.

दोघांचा शेवट मात्र वाईट झाला. बिंबा पाठिंब्याच्या आशेनं गोइयानियाला गेला आणि तिथेच १९७४ मध्ये वारला. पास्तिन्याची पेलोरिन्योतली जागा दुरुस्तीच्या नावाखाली गेली. तो आंधळा झाला आणि १९८१ मध्ये गरिबीत गेला. त्याच सुमारास अंगोला विझते की काय अशी स्थिती होती. मेस्त्रे मोराइसनं १९८० मध्ये रिओत अंगोलाचा गट काढला, पास्तिन्याचे शिष्य जोआओ पेकेनो साल्वादोरमध्ये शिकवत राहिले, जोआओ ग्रांदे १९९० पासून न्यूयॉर्कमध्ये शिकवू लागले. आज तुम्हाला ठाण्यात अंगोलाचा पर्याय दिसतो तो या फेरउभारणीमुळे.

आता तुम्ही पाहिलेला दुसरा वर्ग. तो बहुधा रेजिओनाल नाही. बिंबाकडे दोर नव्हते, गळ्यात रेशमी रुमाल असे. पदवी मिळालेल्याचा निळा. रंगीत दोर १९६० च्या दशकात रिओतल्या सेंझाला गटानं रुजवले. या गटातल्या तरुणांनी बिंबाच्या लाथा घेतल्या, एकेक हालचाल शेकडो वेळा घोटायची पद्धत आणली, नंतर अंगोलातलंही बरंच उचललं. या तिसऱ्या प्रवाहाला कोंतेंपोरानेया, म्हणजे समकालीन, म्हणतात. मेस्त्रे सुआसुनाचा कोर्दाओ दे ओरो (१९६७) आणि मेस्त्रे कामिसाचा अबादा (१९८८) हे त्यातले मोठे गट. जगभरातले पांढऱ्या पँटचे बहुतेक वर्ग याच प्रवाहातले, तोंडानं 'रेजिओनाल' म्हणत असले तरी.

ओळखायची सोपी खूण वाद्यांत आहे. रोडा लागला की बेरिंबाऊ (धनुष्यासारखं एका तारेचं वाद्य) मोजा. एक बेरिंबाऊ, दोन पांदेरो (डफलीसारखं झांजा लावलेलं वाद्य) आणि ढोल नाही, तर ती बिंबाची रचना. तीन बेरिंबाऊ, दोन पांदेरो, एक आताबाके (उंच ढोल), एक आगोगो (जोडघंटा) आणि एक रेको-रेको (खाचांवर काठी घासायची), अशी सहसा आठ वाद्यं असतील आणि सुरुवात एकट्याच्या लांब गाण्यानं, लादाइन्यानं, होत असेल, तर अंगोला. तीन बेरिंबाऊ, ढोल, पण खेळ वेगवान, उभ्यानं आणि मधूनच तिसरा शिरून जोडी बदलतोय, तर समकालीन. दुसरी खूण : पहिल्या महिन्यात जोडीदारासोबत ठरलेले क्रम शिकवले जातात का? बिंबाचे असे आठ क्रम आहेत. पहिला असा : एकानं दोन मेया लुआ दे फ्रेंते (पाय बाहेरून आत फिरवणारी अर्धचंद्र लाथ), मग आर्मादा (गिरकी घेऊन मारलेली लाथ), शेवटी आऊ (हातावरची चाकफेरी). समोरच्यानं दोनदा कोकोरिन्या (उकिडवं बसून चुकवणं), मग नेगातिवा (एक पाय लांब करून खाली जाणं) आणि आऊ घेणाऱ्याला काबेसादा, म्हणजे डोक्याचा ढोसा. हे क्रम चालू असतील तर तिथे रेजिओनालचा धागा खरोखर आहे.

(वर्गात 'र'नं सुरू होणारे शब्द 'ह'नं ऐकू येतील. 'होडा' म्हणाले तर तो हाच रोडा.)

आता गुडघा. 'सावकाश म्हणजे सोपं' या समजानं अंगोलाला गेलेली माणसं दुसऱ्या आठवड्यात जिना चढताना रडतात. अंगोलात माणूस बराच वेळ खाली असतो, आणि हळू खाली जायला वेगापेक्षा जास्त ताकद लागते. तरीही तुमचा कल तिकडे असावा असं आम्ही म्हणू. कारण नेगातिवातच दिसेल. रेजिओनालच्या नेगातिवात शरीराचं बहुतेक वजन दुमडलेल्या एका पायावर येतं, गुडघा पूर्ण मिटलेला. अंगोलाच्या नेगातिवात धड जमिनीला समांतर येतं आणि वजन हातांवर वाटलं जातं. त्यात मनगट आणि खांदा दमतात, गुडघा कमी. दुसरं कारण गिरक्या. आर्मादासारख्या लाथेत उभ्या पायावर झटकन वळावं लागतं. टाच जमिनीला चिकटलेली राहिली की पाऊल तिथेच राहतं, मांडी फिरते आणि मधल्यामध्ये गुडघा पिळतो. समकालीन वर्गात हे पहिल्या महिन्यापासून आणि वेगात येतं. अंगोलात गिरकीची लाथ, राबो दे अराया, आहे. पण ती हात जमिनीकडे नेऊन, हळू शिकवतात. चुकलेली टाच दिसते आणि दुरुस्त होते.

म्हणून पायाखाली काय आहे ते बघून घ्या. रबरी चटईवर अनवाणी पाय अडकतो. गिरकीला लाकडी किंवा गुळगुळीत सिमेंटची जमीन बरी. अंगोलाला बूट लागतात, पण धावण्याचे खोल खाचांचे नकोत. सपाट तळाचे साधे कॅनव्हास घ्या. गुडघ्याला सूज असेल, तो मध्येच अडकत असेल किंवा दगा देत असेल, तर मात्र वर्ग थांबवून आधी फिजिओथेरपिस्टकडे.

कुठेही गेलात तरी पहिलं शिकायचं ते जिंगा, ही कापोएराची मूळ चाल. बहुतेकांची कापोएरा इथेच बिघडते आणि पुढे वर्षानुवर्षं बिघडलेलीच राहते, म्हणून हे घरी आरशासमोर करा. पाय खांद्याइतके फाकवून समांतर, गुडघे किंचित वाकलेले. उजवा पाय सरळ मागे टाका, त्याच्या चवड्यावर, टाच वर. पुढचा डावा गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेनं वाकलेला. उजवा हात चेहऱ्यासमोर, म्हणजे मागे गेलेल्या पायाच्या बाजूचा. मग पाय परत समांतर जागी, आणि तेच डावीकडे.

चुका चार. मागचा पाय पुढच्याच्या मागे ओळीत जातो. उभं राहायला दोरीएवढीच जागा उरते आणि रास्तेरा, म्हणजे पायावरचा झाडू, बसला की माणूस आडवा. मागची टाच खाली टेकते; मग उठायला वेळ लागतो. नजर जमिनीवर जाते; लाथ दिसत नाही. आणि पुढचा गुडघा आत कोसळतो. तुमच्या बाबतीत ही चौथी चूक सगळ्यात महाग. आत कोसळणारा गुडघा हे कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू कमी पडत असल्याचं लक्षण; त्यांना बळ येईपर्यंत कमी खोल जा, पण गुडघा सरळ रेषेत ठेवा. दोन मिनिटं जिंगा, एक मिनिट थांबणं, असं चारदा, आठवड्यातून तीन दिवस. त्यासोबत खुर्चीवर हळू बसणं-उठणं १० वेळा, दोनदा. खाली जाताना तीनपर्यंत मोजायचं. जिना उतरताना लागणारी ताकद नेमकी इथे तयार होते.

अंगोलाचे शिक्षक जिंगा इतकी चौकोनी करू देणार नाहीत. ते म्हणतील, ताल मोड, थबक, खोटी लाथ दाखव. ऐका त्यांचं, पण पाया चौकोनी जिंगानंच पक्का करा. मोडण्याआधी काहीतरी असावं लागतं.

मनगटं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दुखू लागतील. रोज चार पायांवर यावं, बोटं पूर्ण पसरावीत, वजन तळहाताच्या मुळावर न टाकता बोटांच्या मुळांवर घ्यावं आणि पुढे-मागे १५-२० वेळा झुलावं. आऊ घेताना हात टाकायचे नाहीत, ठेवायचे. तळहात आपटल्याचा आवाज आला म्हणजे मनगटावर धक्का गेला.

मुलाचं वेगळं. १२ व्या वर्षी वेग, उड्या, दोराचा रंग या गोष्टी ओढतात, आणि त्यात वाईट काही नाही. त्याला समकालीन वर्गात घाला. दोघांनी एकाच ठिकाणी जायचा हट्ट नको. वर्षभरानं तुम्ही घरी एकमेकांशी खेळाल तेव्हा दोन शैलींची गंमत कळेल. फक्त त्या वर्गात तीन गोष्टी बघा. मागची कोलांटी गादीशिवाय किंवा हात दिल्याशिवाय करायला लावतात का? लावत असतील तर परत जाऊ नका. फेकी शिकवण्याआधी पडायला शिकवतात का? आणि रोडात मोठी मुलं नवख्यावर लाथ पूर्ण सोडतात की चेहऱ्यापुढे थांबवतात? थांबवता येणं हे कौशल्याचं माप आहे. बातिझादो नावाचा समारंभ साधारण वर्षातून एकदा होतो, त्यात पहिला दोर मिळतो आणि त्याची वेगळी फी असते. ती प्रवेशाच्या वेळीच विचारा. दोरांच्या रंगांचा क्रम गटागणिक बदलतो, तेव्हा शेजारच्या मुलाच्या दोराशी तुलना करण्यात अर्थ नाही.

राहिलं वाद्य. टाळता येणार नाही, आणि टाळायचं कशाला? कोणता खेळ खेळायचा हे बेरिंबाऊ ठरवतो. बिंबाच्या शाळेत बांगेला वाजला की खेळ संथ आणि जवळचा होई. सांव बेंतो ग्रांदे वाजला की वेगवान आणि कडक. ईउना वाजला की फक्त पदवीधारक आत जात. अंगोलात सगळ्यात जाड आवाजाचा बेरिंबाऊ, गुंगा, तुम्हाला बोलावतो, थांबवतो, बाहेर काढतो. ज्याला ते ऐकू येत नाही तो रोडात इतरांना धोक्याचा असतो.

वाद्य दिसायला साधं आहे : लाकडी धनुष्य (वेर्गा), त्यावर पोलादी तार, खाली एकतारीसारखा पोकळ भोपळा (काबासा). तार जुन्या मोटारीच्या टायरच्या काठातून काढतात. डाव्या हाताची करंगळी भोपळा बांधलेल्या दोरीच्या फासाखाली जाते आणि सगळं वजन तिच्यावर येतं. मधली दोन बोटं दांडा धरतात, अंगठा आणि तर्जनी दगड किंवा नाणं पकडतात. उजव्या हातात बारीक काठी आणि काशिशी हा खुळखुळा. आवाज तीन : तार मोकळी सोडून खालचा, दगड घट्ट दाबून वरचा, दगड नुसता टेकवून खरखर. अंगोला नावाचा ताल : खरखर, खरखर, खालचा, वरचा, थांबा. शेवटचे दोन आवाज उलटे केले, आधी वरचा आणि मग खालचा, की तो सांव बेंतो पेकेनो. खरखरीच्या जागी चुकून वरचा सूर निघत असेल तर दगड जास्त दाबला जातोय. आवाज दबका येत असेल तर भोपळ्याचं तोंड पोटाला चिकटलंय. थोडं दूर धरा. करंगळी पहिले काही आठवडे दुखेलच. एका वेळी पाच मिनिटांवर धरू नका, आणि वाजवून झालं की तार उतरवून ठेवा, नाहीतर दांड्याचा ताण जातो.

अंगोलाच्या रोडात पहिल्यांदा शिराल तेव्हा हे लक्षात ठेवा. बेरिंबाऊच्या पायाशी उकिडवं बसायचं. लादाइन्या चालू असताना हलायचं नाही. मग सगळे उत्तर देतात ती शुला येते, आणि कोरिदो (खेळासोबत म्हणायचं छोटं गाणं) सुरू झाल्यावर, गुंगाची खूण मिळाली की हात मिळवून आत. खेळता खेळता समोरचा मध्येच थांबून हात पसरून उभा राहिला तर ती शामादा, म्हणजे बोलावणं. सरळ चालत जाऊ नका, नवखे नेमके तिथेच पोटात डोक्याचा ढोसा खातात. जमिनीलगत, बाजूनं, एक हात चेहऱ्यापुढे ठेवून जवळ जा, त्याच्या हाताला हात लावा, त्याच्यासोबत पुढे-मागे चाला. तो हातानं वाट दाखवेल तेव्हा खालूनच निघा, आणि निघतानाही त्याच्या पायांवरून नजर हटवू नका.